दंडाचा रकाना कोरा

ऑगस्ट 2017. जीएसटी लागू होऊन दीडेक महिना झालेला. विक्रीकर कचेरीत जो तो नव्या नोंदणीच्या गोंधळात, त्यात कोल्हापूरचा पाऊस. आणि मी 2010-11 ची फाईल काखेत मारून उभा. जीएसटीआधीच्या जुन्या व्हॅट कराचं नाव काढलं की समोरच्याचं तोंड वाकडं व्हायचं. मी त्याला दोष देत नाही.

सोबत माझे अशील अण्णा होते. उद्यमनगरात त्यांची छोटी फौंड्री. त्या साली ज्याच्याकडून भंगार घेतलं, त्या व्यापाऱ्यानं कर सरकारात भरलाच नाही. झालं, अण्णांनी खरेदीवर मोजलेल्या कराची वजावट नामंजूर. कर 3,12,480 आणि लपवाछपवी केली म्हणून तेवढाच दंड. व्याज वेगळं. अपिलात स्थगिती मिळायच्या आत बँक खात्यावर टाच आली. दसरा तोंडावर, कामगारांचे पगार थांबलेले. अण्णांनी मेव्हण्याकडून उसने घेऊन सगळी रक्कम भरून टाकली.

ऑक्टोबर 2016 मध्ये अपिलाचा निकाल लागला. कराचा मुद्दा आम्ही हरलो. पुरवठादाराचा कर तिजोरीत आला नसेल तर वजावट नाही, असं व्हॅट कायद्याचं कलम 48(5) सांगतं आणि 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते वैध ठरवलंय. तिथं आमचं काय चालणार? दंड मात्र पूर्ण रद्द झाला. माल खरंच आला होता, वह्यांत चढला होता, ट्रकच्या वजनाच्या काटापावत्या होत्या. लपवलं काय? त्या पावत्या अण्णांनी खिळ्याला टोचून ठेवल्या होत्या, मधोमध भोकं पडलेली. अपिलाची सुनावणी त्या भोकं पडलेल्या कागदांनीच जिंकली.

पण परतावा येईना. दहा महिने हेलपाटे. त्या दिवशी कर अधिकारी मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुम्ही दंड भरलेलाच नाही. परत काय देऊ?"

मी नीट पाहिलं. कर : 6,24,960. दंड : शून्य.

पैसे भरायच्या एमटीआर-6 चलनात कर, व्याज, दंड असे वेगळे रकाने असतात. दंडाची रक्कमही कराच्याच ओळीत बसली होती. चलन कुणी भरलं? माझ्या ऑफिसातल्या पोरानं, असं म्हणायचा मोह झाला. पण दसऱ्याआधीच्या त्या संध्याकाळी कीबोर्डवर मीच होतो.

"मग हा जादा भरलेला कर," मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षाच्या थकबाकीत वळता होईल."

परतावा देण्याआधी थकबाकी वळती करून घ्यायचा अधिकार कायद्यात आहे, हे खरं. पण 2011-12 च्या मागणीला अपिलात स्थगिती होती. तो आदेश मी पुढे सरकवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "ठीक. पण ही रक्कम दंडाचीच होती, याला कागद दाखवा."

बाहेर व्हरांड्यात अण्णांना खरं ते सांगितलं. चूक माझी. ते बराच वेळ पावसाकडे बघत राहिले.

"साच्यात हवा राहिली तर आम्ही माल परत भट्टीत घालतो वकीलसाहेब. तुमच्या चलनाचं काय करायचं असतंय?"

मग त्यांच्या डोळ्यात चमक आली. कलम 52 चं व्याज कराच्या परताव्यावर मिळतं, दंडाच्या नाही, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलेलं. "मग कर म्हणूनच मागूया की! जास्त पैसं येतील." माणूस धंदेवाईक! मी म्हटलं, अण्णा, कर तर आपण हरलोय. आदेशात दंड रद्द म्हटलंय, दंडच मागायचा.

फाईल पुन्हा उलटली. चलनामागे एक पत्र चिकटलेलं निघालं : कर इतका, दंड इतका, हरकत राखून भरत आहोत. वर कचेरीचा आवक शिक्का, तारीख चलनाचीच. प्रत्येक भरण्यासोबत पत्र द्यायचं ही माझ्या वडिलांची सवय. मला ती कायम कागदाची नासाडी वाटत आली होती. मॅडमनी पत्राची झेरॉक्स घेतली, मूळ प्रत बघून सही केली.

रक्कम महिन्याभरात खात्यात आली. व्याजावरून मात्र अडलं. आदेशापासून 90 दिवसांत परतावा नाही दिला तर त्यापुढे कलम 53 खाली उशिरापोटी वेगळं, महिना अर्धा टक्का व्याज द्यावं लागतं. माझ्या हिशेबानं सात महिन्यांचे 10,937 रुपये. मॅडमचं म्हणणं, चूक तुमची, खुलासा ऑगस्टमध्ये आला, 90 दिवस तिथून मोजायचे. माझं म्हणणं, कलमात आदेशाची तारीख लिहिलीय, चूक कुणाची हे विचारलेलं नाही. त्या हसल्या. "लेखी द्या."

अण्णांनी फी विचारली. म्हटलं, या प्रकरणाची नको.

"मग व्याजाचा अर्ज कोण चालवणार?" म्हणत त्यांनी चेकबुक काढलं, चेक फाडला आणि माझ्या हातात देण्याआधी आकड्यांचा रकाना बोटानं दोनदा तपासला.