गॅमा चुकला आणि नोझल परत लेथवर गेलं: माझा अनुभव

फायनल इयरला आमचा प्रोजेक्ट होता छोटं सुपरसॉनिक नोझल, मॅक 2 म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेग, थ्रोट म्हणजे सगळ्यात अरुंद जागा 6 मिमी, हवा वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची. एक्झिटचा व्यास काढायची शीट माझ्याकडे होती आणि तिच्यात आधी हेलियमसाठी केलेलं गणित तसंच राहिलं, गॅमा (वायूच्या स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) 1.67, त्यामुळे व्यास आला 7.4 मिमी आणि वर्कशॉपच्या काकांनी पितळेत तेवढाच कापून दिला. हवेचा गॅमा 1.4, त्याला 7.8 लागतो. फरक अर्धा मिमीसुद्धा नाही, पण तेवढ्यानं मॅक 1.87 च्या आसपास अडकतो.

सर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "1.4 तरी कुठून आणलास? मोजलास का?"

मग फिजिक्स लॅबमधली मोठी काचेची बाटली काढली. पंपाने हवा भरायची, जरा थांबायचं, मॅनोमीटरवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या पाण्याच्या नळीत, पाणी 20 सेमी, मग बूच क्षणभर उघडून लगेच बंद. बाहेर सुटताना आतली हवा गार पडते, बाटली बंद केल्यावर ती हळूहळू खोलीच्या तापमानाला येते तसं पाणी परत चढतं. पहिल्यांदा 3.8 सेमीच चढलं, गॅमा 1.23! बूच लावायला उशीर झालेला, तेवढ्यात काचेची उष्णता हवेत शिरली. नवव्या वेळी 5.5, म्हणजे 20 भागिले (20 वजा 5.5), 20 भागिले 14.5, 1.38. इतका आनंद झाला की रूमवर जाऊन सगळ्यांना वही दाखवली. आवाजाचा वेग काढताना न्यूटनने हवेचं हे गरम-गार होणं धरलं नव्हतं म्हणून त्याचं उत्तर साधारण 15 टक्के कमी आलं, लाप्लासने नंतर गॅमा घालून ते दुरुस्त केलं, हे पुस्तकात वाचलं होतं पण खरं कळलं ते त्या बाटलीपाशी.

व्यास वाढवायचाच होता म्हणून नवीन पितळ लागलं नाही, काकांनी तोच टेपर परत कापला. टेस्टला टाकीचं प्रेशर भराभर उतरायचं, त्यामुळे रिडिंग पटकन घ्यावं लागे. टाकीचं गेज 7 बार, थ्रोटला 3.2. भागाकार 0.46, पण थ्रोटला हवा आवाजाच्या वेगाने जाते तेव्हा गॅमा 1.4 ला यायला हवा 0.528! दोन दिवस गळती शोधली, मग लक्षात आलं की गेजमध्ये वातावरणाचा 1 बार मिळवायचा राहिलाय. 4.2 भागिले 8, 0.525. नोझलच्या पुढचा व्हॉल्व्ह थोडा आवळून बघितला तरी टाकी 7 बारला असताना थ्रोटचा काटा 3.2 वरच, हलेना. हेलियम असता तर तोच काटा 2.9 ला थांबला असता.