मथुशलहाची 969 वर्षं

रविवार, रात्री दहा

आज संध्याकाळच्या प्रार्थनेला बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, पाचवा अध्याय आला. वाचायची पाळी भाच्याची. नावांना अडखळत होता, पण आकडे मात्र खणखणीत: आदाम 930, शेथ 912, अनोश 905. मथुशलहाच्या 969 वर थांबला आणि म्हणाला, "मामा, हे खरं आहे?"

त्याच्या वयाचा असताना मीही संडे स्कूलमध्ये हेच विचारलं होतं. तेव्हा मिळालेलं उत्तर आजवर जपून ठेवलं होतं. त्या काळी लोक चंद्रावरून काळ मोजत, त्यांचं वर्ष म्हणजे आपला महिना; 969 महिने म्हणजे साधारण 78 वर्षं. तेच सांगायला गेलो आणि नजर वरच्या ओळींवर गेली. हनोख 65 वर्षांचा असताना त्याला मथुशलह झाला. महललेलही 65 व्या वर्षीच बाप झाला. महिने धरले तर दोघं तेव्हा सव्वापाच वर्षांचे होतात.

शिवाय पान उलटलं की जलप्रलय. तिथे नोहाच्या 600 व्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्याचा 17 वा दिवस दिलाय. पुढे सातवा महिना येतो, दहावा येतो. लिहिणाऱ्याला वर्ष आणि महिना यांतला फरक पक्का ठाऊक होता. इतकी वर्षं सांभाळलेलं उत्तर दोन मिनिटांत हातातून गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

जेवणं झाल्यावर दोघं वही घेऊन बसलो. मथुशलह 187 चा असताना लामेख झाला, लामेख 182 चा असताना नोहा, आणि नोहा 600 चा असताना प्रलय. भाच्याने बेरीज केली: 969. पेन्सिल तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे तो पुरात बुडाला?" बुडाला असं कुठे लिहिलेलं नाही. पण त्याच वर्षी गेला, एवढं बेरीज सांगते.

ही बेरीज सहज जुळलेली नाही असं मला वाटतं, कारण जुन्या प्रतींमध्ये आकडे वेगवेगळे आहेत. शोमरोनी (समॅरिटन) या यहुद्यांशी नातं सांगणाऱ्या जुन्या पंथाच्या प्रतीत मथुशलह 720 वर्षं जगतो, यारेद 847, लामेख 653, आणि तिघंही प्रलयाच्याच वर्षी मरतात. प्राचीन ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींप्रमाणे तर मथुशलह प्रलयानंतर 14 वर्षं जिवंत राहतो. नोहाच्या तारवात, म्हणजे त्या मोठ्या नावेत, माणसं आठच, त्यांत तो नाही, मग हा राहिला कुठे? पाचव्या शतकात संत ऑगस्टीननेही याच कोड्यावर डोकं घातलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे आला तो दिव्याशी वाकलेला एक नकलनवीस: बोटांवर हिशेब करणारा, पूर्वजांपैकी कोणी चुकून पुराच्या पलीकडे उरू नये म्हणून जपणारा.

अब्राहामाच्या घराण्यातही असंच आहे. अब्राहाम 175, म्हणजे सात गुणिले पाच पंचे. इसहाक 180, पाच गुणिले सहा सक. याकोब 147, तीन गुणिले साती साती. आणि पाच, सहा, सात यांच्या वर्गांची बेरीज 110, म्हणजे योसेफाचं वय. योसेफ वारला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, आणि मिसरी लोक भरल्या आयुष्याचा आकडा 110 च मानत. हनोखाची 365 म्हणजे सूर्याच्या वर्षाचे दिवस. हे आकडे जन्ममृत्यूच्या नोंदवहीतले नाहीत. बापजाद्यांना मान म्हणून रचून, घडवून दिलेले आहेत. हे लिहिताना माझी श्रद्धा कुठे हलली नाही, उलट तो अध्याय आज पहिल्यांदा जवळचा वाटला.

प्राचीन इराकातल्या सुमेरी राजांची यादी कोरलेला मातीचा एक चौकोनी ठोकळा ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. त्यात एरिदूचा राजा अलुलिम एकटा 28,800 वर्षं राज्य करतो, आणि प्रलयाआधीचे आठ राजे मिळून 2,41,200 वर्षं. त्याच्यापुढे 969 किती लहान! उत्पत्तीतली ही माणसं राजे नाहीत. हजारी कोणीच गाठत नाही. आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच शब्द येतात, "मग तो मरण पावला". मोजले, त्या एका अध्यायात आठ वेळा. फक्त हनोखापुढे नाहीत. त्याला देवाने नेलं.

भाच्याने मग आईला विचारलं, "आजी, तू किती वर्षांची?"

आई म्हणाली, "कार्डावर 1 जून आहे बघ. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली. माझी आई म्हणायची, गांधी गेले तेव्हा तू रांगत होतीस." कार्डावरचं साल 1950. म्हणजे सरकारदरबारी आई तीन वर्षांनी लहान. तिच्या पिढीत गल्लीतल्या निम्म्या बायकांचा जन्म 1 जूनचाच आहे.

मला मिसरचा राजा फारो आठवला. त्यानेही म्हाताऱ्या याकोबाला हेच विचारलं होतं. तो भाग काढून वाचून दाखवला: 130 वर्षं झाली, थोडी आणि दुःखाची, माझ्या वाडवडिलांच्या वयाला काही मी पोचलो नाही.

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "माझी आई तर पन्नाशीतच गेली," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "दिवा मालव आता, पोराला सकाळी शाळा आहे."