तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ख्रिश्चन असून तुमचं मराठी इतकं छान कसं?’

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. लग्नात, बँकेत, वाचनालयाच्या कार्यक्रमात कुणाशी तरी पंधरावीस मिनिटं छान गप्पा होतात. मग ते आडनाव विचारतात. मी ‘लोपीस’ म्हणते. इतका वेळ माझ्या मराठीकडे त्यांचं लक्षही गेलेलं नसतं, ते आता एकदम कानात भरतं. ‘अरे वा, ख्रिश्चन असून तुमचं मराठी इतकं छान कसं?’

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. गेल्या महिन्यात एका व्याख्यानानंतर एक तरुण मुलगा अगदी अदबीने म्हणाला, ‘मॅडम, घरी तुम्ही पोर्तुगीज बोलता का?’ मी नेहमीसारखं ‘नाही रे, मराठीच’ म्हटलं आणि बसस्टॉपवर आले. हे उत्तर मी आयुष्यभर देत आले आहे आणि ते पुरतं खरं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी मला राग कशाचा येतो ते सांगते. नारायण वामन टिळकांच्या कविता मी वर्गात शिकवल्या. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ख्रिश्चन असून त्यांचं मराठी छान कसं, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. पंडिता रमाबाईंबद्दलही नाही. ‘ते मूळचे आपलेच ना’, असं लोक सहज म्हणून जातात. मग आम्ही मूळचे कुठले? गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगिजांना दिली, तेव्हा आमची माणसं इथेच होती. वाड्या शिंपत होती, भात लावत होती. लोपीस हे नाव बोटीतून आलं, माणसं बोटीतून आली नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपिता म्हणून उभ्या राहिलेल्या एखाद्या फिरंग्याचं नाव घराण्याला लागलं आणि चिकटून राहिलं. तेवढ्यावरून पाचशे वर्षांनी मला भाषेची परीक्षा द्यावी लागते.

धर्म कसा बदलला, हेही काही जण विचारतात. बरेचदा आवाज खाली आणून विचारतात. सक्ती झाली, हे मी कधी नाकारलेलं नाही. कुणी जमीन राखायला बदलला, कुणी भीतीने, कुणी मनापासून. माझ्या घराण्यातल्या त्या पहिल्या माणसाने काय विचार केला, याचा एक कागद आमच्या घरात नाही. पण त्याच्यानंतरच्या बारा-पंधरा पिढ्यांनी याच मातीत याच देवाची प्रार्थना केली आहे. ती उसनी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आता माझी चूक. प्रश्न आला की मी एक ठरलेलं उत्तर पुढे करायचे, ते म्हणजे फादर स्टीफन्स. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट, म्हणजे त्या संघाचा पाद्री, त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण, १६१६ साली रायतूरला झालेली छपाई, मराठीला दिलेली हिऱ्याची उपमा. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, मलाही होतं. ती ओवी मी स्पर्धांमध्ये म्हटली, निरोपसमारंभात म्हटली, मराठी दिनाला दरवर्षी म्हटली. म्हणताना मनात असायचं, बघा, आमच्या माणसाने तुमच्या भाषेची अशी स्तुती केली आहे. ‘आमच्या’ आणि ‘तुमच्या’. ही फाळणी मीच करत होते आणि ते मला कळत नव्हतं.

शिवाय स्टीफन्स आमचा कसा? तो गोव्याचा, साष्टीचा. त्याच साष्टीतली देवळं १५६७ साली पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून तिथल्या गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून मारलं. स्टीफन्स तेव्हा त्याच भागात होता. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची पहिली पुराणं वाचायला तुम्ही मना केलंत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही का देत नाही? सगळा ग्रंथ त्या मागणीचं उत्तर आहे. म्हणजे ज्या मराठीची त्यात ओंजळ भरभरून स्तुती आहे, त्याच मराठीतल्या पोथ्या तिथे हिरावून घेतल्या गेल्या होत्या. हिऱ्याची ओवी मी शंभर वेळा म्हटली असेन. तो ब्राह्मण मी एकदाही वर्गात आणला नाही. आणला असता तर मुलांना ग्रंथ जास्त कळला असता, मलाही. आणि तरी सांगते, त्या ओव्या सुंदर आहेत. दुखावलेल्या माणसांच्या मागणीतून आल्या म्हणून त्यांची गोडी मला कमी वाटत नाही, आणि गोड आहेत म्हणून बाकीचं विसरताही येत नाही. हे दोन्ही एका वाक्यात बसवायला मला अजून जमलेलं नाही.

आमच्या भागाचं पुराण वेगळंच आहे. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायेश या पाद्रीने ख्रिस्ताच्या दुःखभोगावर रचलं आणि १६५९ साली ते लिस्बनला छापलं गेलं, रोमन लिपीत. त्याची भाषा उत्तर कोकणातल्या ख्रिश्चनांच्या बोलीची, ओबडधोबड. माझी आजी उपवासकाळात संध्याकाळी उंबऱ्याशी बसून येशूच्या दुःखाच्या ओव्या म्हणायची, लाल लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन, त्याच वळणाच्या भाषेत. ते मी कधीच कुणापुढे म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर ‘मराठी इतकं छान’ असं कोण म्हणालं असतं?

मेणवलीची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. १९९४ चा डिसेंबर, शाळेची सहल, दोन लाल एसटी. प्रतापगड झाला, वाई झाली, दुपारी मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा. वाडा बघून आम्ही मागच्या बाजूने कृष्णेच्या घाटावर उतरलो. मुलांना पाण्यात पाय घालायचे होते, आम्ही शिक्षक शिट्ट्या वाजवत त्यांना मागे ओढत होतो. तिथे देवळाशेजारी घंटा टांगलेली आहे, भली थोरली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या वेळी चर्चमधल्या ज्या घंटा देशावर आल्या त्यांतली ही एक. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे, तशीच ही. आमच्या इतिहासाच्या सरांनी मुलांना जवळ बोलावलं आणि घंटेवर बोट ठेवून साल वाचायला लावलं. १७०७. वर बाळ येशूला घेतलेली मारियामाता उठावात कोरलेली होती. त्या दिवशी सकाळी कुणीतरी तिच्या पायाशी हळदकुंकू वाहिलं होतं. ओलं कुंकू खाली ओघळून वाळलं होतं.

मला आधी जे वाटलं ते अगदी साधं होतं. ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं. मी हात पुढे केला आणि मातेच्या झग्याच्या चुणीवर दोन बोटं ठेवली. धातू गार होता.

सर मोकळ्या स्वभावाचे, मला धाकट्या बहिणीसारखं वागवणारे. ते मोठ्याने म्हणाले, ‘लोपीसबाई, ही तर तुमची घंटा! न्या परत वसईला, एसटीच्या टपावर टाकू.’ मुलं खदखदून हसली. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सत्तर-ऐंशी पोरं माझ्याकडे बघत होती. मी बोटं काढून घेतली आणि वर्गात बोलतात तशा स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हटलं, ‘नाही सर, ही आमची नाही. पोर्तुगिजांची आहे. आम्ही इथलेच.’

सर म्हणाले, ‘शाब्बास!’ दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

माझ्याच वाडीतली सातवीतली एक मुलगी तोवर गर्दीतून पुढे आली होती. मातेला बघून ती क्रुसाची खूण करत होती. उजव्या हाताची बोटं कपाळाला लागून खाली छातीपर्यंत आली होती, तेवढ्यात माझं वाक्य तिच्या कानावर पडलं. हात तिथेच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच हाताने गळ्याशी गणवेशाचं बटण लावलं. बटण लागलेलंच होतं.

तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, यात माझं चुकलं काय? घंटा पोर्तुगिजांच्या सत्तेत ओतलेली, त्यांच्या चर्चची. खरं तेच बोलले. तिला मी सांगते, अगं, १७०७ पासून १७३९ म्हणजे बत्तीस वर्षं. बत्तीस वर्षं ती कुणाच्या मयताला वाजली असेल? किल्ल्यातल्या साहेबांच्याच फक्त? वाडीवरून खांद्यावर आणलेली आपली माणसं नव्हती त्यात? त्यावर तीही गप्प बसत नाही. म्हणते, त्याच घंटेला आपली माणसं भ्यालीही असतील. मिस्सा चुकवली तर काय होईल म्हणून धावत गेली असतील. तेही खरं असेल. वसई पडल्यावर पोर्तुगीज बोटीत बसून गेले, घंटा घाट चढून गेल्या. मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळता येईल, असं तहात कलम होतं. ते मागे राहिलेले म्हणजे आम्ही. जिंकणाऱ्यांतही नाही आणि हरून गेलेल्यांतही नाही. वसईची मोहीम शिकवताना माझी मान ताठ व्हायची, आजही होते, त्यात ढोंग नाही. त्याच दिवशी आमच्या गावातलं चर्च मुकं झालं, याचं वाईटही वाटतं.

‘मग घंटा परत हव्यात का तुम्हाला?’ असंही एकाने विचारलं होतं. नकोत. मेणवलीच्या बायका तिला कुंकू वाहतात, ते मला आवडलं होतं, मनापासून. मला हवी होती ती एवढीच, त्या दिवशी ‘हो सर, आमचीही आहे’ असं म्हणण्याची हिंमत. ‘आमची’ म्हटलं असतं तर मी परकी ठरेन, अशी भीती वाटली. ती भीती सरांनी घातलेली नव्हती. ‘ख्रिश्चन असून’ ऐकत ऐकत ती माझ्यात आधीपासून साठली होती.

आता ‘नाही रे, मराठीच’ या उत्तराकडे येते. आमच्या घरी सामवेदी ही वसईकडची बोली बोलतात, आम्ही तिला कादोडीही म्हणतो. शाळेत जाईपर्यंत मला पुस्तकातलं मराठी बोलता येत नव्हतं. ते मी घासून घासून कमावलं, आणि त्यामागे भाषेवरच्या प्रेमाइतकीच ती शाबासकीही होती. पुढे शिक्षिका झाले. माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली एक वही आठवते, निबंध ‘माझी आजी’. आमच्याच समाजातला मुलगा. आजी जशी बोलते तसंच त्याने तिचं बोलणं लिहिलं होतं. बावखलातून, म्हणजे वाडीतल्या तळ्यातून, पाणी काढताना ती कुणावर ओरडते, सुकेळी, म्हणजे सुकवायची केळी, उन्हात घालून कावळे कसे हाकलते, सगळं घरच्या शब्दांत. मी प्रत्येक ओळीखाली लाल शाई ओढली आणि शेवटी ‘अशुद्ध’ लिहिलं. दहापैकी तीन. ती बोली माझ्या आजीचीच होती. आज ती वही मिळाली तर मी दहा देईन, असं म्हणणं आता सोपं आहे. पण तेव्हा मी त्याला परीक्षेसाठी तयार करत होते, आणि बोर्डाने त्याला तीनच दिले असते, हेही खरं आहे. पोराला कोणतं मराठी द्यायचं, हा प्रश्न मला तेव्हा सुटला नव्हता, आताही सुटलेला नाही.

२०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा मला फोनावर फोन आले. अभिनंदनाचे बरेच होते. धर्मगुरू अध्यक्ष कसा चालेल, असं विचारणारेही होते. एका जुन्या स्नेह्यांनी मात्र, ‘त्यांचं मराठी मात्र छान आहे हं’ असं म्हटलं, माझी समजूत घातल्यासारखं. ज्यांनी सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं त्यांच्याबद्दल. मी नेहमीसारखं ‘हो ना’ म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

म्हणून, ज्याने विचारलं त्या मुलाला आज सांगते. घरी पोर्तुगीज नाही बोलत रे. घरी सामवेदी बोलतो. ती मराठीचीच आहे असं मी म्हणते, वेगळी आहे असं माझी भाची म्हणते. आमचं यावर दर नाताळला भांडण होतं.

ती सातवीतली मुलगी आता चाळिशीची आहे. लग्न होऊन शेजारच्याच गावात आली. रविवारी मिस्सेनंतर भेटते, केळीचा घड देते, तिच्या मुलाच्या दहावीच्या मराठीबद्दल विचारते. मागच्या झावळ्यांच्या रविवारी आम्ही चर्चच्या पायरीवर शेजारी उभ्या होतो. वर घंटा सुरू झाली. तिने हात कपाळाकडे नेला आणि पूर्ण खूण केली, सावकाश. मी तिच्या हाताकडे बघत होते, हे तिच्या लक्षात आलं असावं. ‘काय बाई?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘काही नाही, बटण तुटलंय तुझं.’ तिने गळ्याशी हात नेऊन बघितलं.