हेक्झेनचा टँकर एकट्याने खाली करेपर्यंत

सरकीची ढेप म्हणजे गुरांचं खाणं, हे जळगावकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पण एक्सपेलरमधून, म्हणजे तेल पिळायच्या यंत्रातून, निघालेल्या ढेपेत सहा-आठ टक्के तेल उरतं आणि ते हेक्झेन नावाच्या, चटकन पेटणाऱ्या द्रवाने धुऊन काढतात, हे मला सॉल्व्हंट प्लांटला लागल्यावरच कळलं.

त्याआधी मी एका छोट्या कारखान्यात होतो. तिथे मशीनचे रोलर पुसायचं सॉल्व्हंट उघड्या प्लास्टिकच्या बादलीत ठेवलेलं असायचं. ग्रीस निघत नाही म्हणून आम्ही हातही त्यातच धुवायचो. मी वर्षभर धुतले. पुढे पायाची बोटं बधिर व्हायला लागली. चप्पल पायातून निसटली तरी दोन पावलं कळायचं नाही. नव्या नोकरीच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "हात कशाने धुता?" तसल्या सॉल्व्हंटमधलं एन-हेक्झेन, म्हणजे हेक्झेनचाच एक प्रकार, अंगात गेलं की त्यापासून बनणारा पदार्थ हातापायांच्या नसा खराब करतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पायाला नीट जाणवायला लागेपर्यंत त्यांनी मला प्लांटमध्ये येऊ दिलं नाही, ढेपेच्या गोदामात ठेवलं. त्यात कित्येक महिने गेले. त्या बादलीवर साधं नाव लिहिलेलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

मग टँकर खाली करायचं शिक्षण सुरू झालं. आमच्याकडचा नियम असा की सहा टँकर जुन्या माणसाबरोबर, सातवा एकट्याने. माझ्याबरोबर आप्पा होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "हाई पानी नई शे, भाऊ." दिसायला मात्र अगदी पाणीच. वास पेट्रोलसारखा, आणि नाक थोड्या वेळात त्याला सरावतं, म्हणून वासावर विसंबायचं नाही.

गुजरातेतून नवापूर, साक्री, धुळे करत टँकर यायचा. गेटवर ड्रायव्हर-क्लीनरची काडेपेटी, बिडी, मोबाइल जमा. सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी आहे का ते बघायचं. इंजिन बंद, चावी आपल्या खिशात, चाकांना लाकडी अडण्या. मग टँकर जमिनीशी तारेने जोडणारा अर्थिंगचा चिमटा. तो लागल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, आणि नंतरही पंधरा मिनिटं नुसतं थांबायचं.

चौथ्या टँकरला मी चिमटा लावून मागे सरकलो. आप्पांनी तो काढला आणि मला जागा दाखवली. पिवळ्या रंगाचा जाड थर होता. रंगावर लावलेला चिमटा म्हणजे न लावलेलाच. हेक्झेन पाइपातून वाहताना घासून वीज साठते आणि हेक्झेन स्वतः ती वाहून नेत नाही. तिला जमिनीत जायला उघडा धातू हवा. नाहीतर ती उडी मारते, आणि तेवढी ठिणगी पुरते. आप्पा रागावले नाहीत. पण मला टँकरवरचा अर्थिंगचा पितळी बोल्ट पुसायला लावला, अर्थिंगच्या मीटरने वाचन घ्यायला लावलं आणि त्या वेळचा टँकर माझ्या सहांत धरला नाही. तेव्हा वाईट वाटलं होतं. आज मी नव्या पोरांच्या बाबतीत तेच करतो.

सातवा टँकर मे महिन्यात आला. आमच्याकडे तेव्हा पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून टँकर पहाटेच लावतो. गारव्यात धोका कमी, असं माझ्या मनात पक्कं होतं. तसं नसतं. हेक्झेनची वाफ उणे बावीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, मग आपली पहाट तिला कसली गार! उलट पहाटे वारा पडलेला असतो. वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर जात नाही, जमिनीवरून सरकत खड्ड्यात, चरात जाऊन बसते.

पंप आधी हळू चालवायचा, टाकीतल्या पाइपाचं तोंड बुडेपर्यंत. तेवढं झालं आणि मी हवेतली वाफ मोजणारा मीटर घेऊन फेरी मारली. छातीच्या उंचीवर शून्य. वाकून व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी धरला तर बारा, आणि मीटर ओरडायला लागला. हवेत साधारण १.१ टक्के हेक्झेन झालं की ती पेटू शकते. मीटर त्या मर्यादेचे शंभर भाग धरून आकडा दाखवतो. म्हणजे स्फोट अजून लांब होता, पण कुठेतरी गळत होतं.

पंप थांबवला, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले, आवाज देऊन सगळ्यांना मागे घेतलं. फ्लँजखाली, म्हणजे पाइपाच्या जोडाखाली, थेंब पडत होते. हेल्परने सवयीने पाण्याचा पाइप उचलला. मी ओरडलोच. हेक्झेन पाण्यात मिसळत नाही, वर तरंगत गटारात जातं. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात १९८१ च्या फेब्रुवारीत सोयाबीन तेलाच्या प्लांटमधलं हेक्झेन असंच गटारात गेलं, आणि दोन मैलांहून जास्त रस्ते खालून उडाले. प्रशिक्षणात त्या रस्त्यांचे फोटो पाहिल्यापासून चराची झाकणं मी दोनदा बघतो.

वाळू टाकली. मीटर शून्यावर येईपर्यंत थांबलो. पाइप रिकामा करून, हातमोजे घालून, पितळी पान्याने फ्लँज उघडला. जोड घट्ट बसवणारं आतलं गॅस्केट एका बाजूला चिरलं होतं. ड्रायव्हरदादा दोनदा येऊन विचारून गेले, "कितना टाइम, भैया?" त्यांना पुढे इंदूरला जायचं होतं. मी खिशातली चावी दिली नाही.

सगळं उतरल्यावर व्हॉल्व्ह बंद, होज सोडली, झाकणं लावली, आणि सर्वांत शेवटी चिमटा काढला. ऊन चांगलंच वर आलं होतं. आप्पा शिफ्ट संपूनही गेटजवळ थांबले होते, पण आत आले नाहीत. रजिस्टरमध्ये लिहिलं, "फ्लँज गॅस्केट बदलली, काम ५० मिनिटं बंद." खाली पहिल्यांदा एकट्याची सही केली.