थंब मशीनचा रूट

आमच्याकडे ४२ राउटर आहेत आणि हल्ली मी त्यांपैकी एकाचंही कॉन्फिगरेशन हाताने लिहीत नाही. शाखा, लिंक, आयपी हे सगळं एका वायएएमएल फाइलमध्ये (म्हणजे साध्या मजकुरातल्या यादीत) भरायचं, पुढचं पायथनची स्क्रिप्ट आणि जिंजाचे टेम्प्लेट, म्हणजे कॉन्फिगरेशनचे साचे, बघून घेतात. एक्सेलमधले पिवळे-हिरवे रकाने संपले, त्याबद्दल कुणालाही दुःख नाही.

या कामात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ओएसपीएफच्या कॉस्टने. ओएसपीएफ म्हणजे राउटरनी आपसात बोलून रस्ते ठरवायची पद्धत; ज्या रस्त्याची कॉस्ट कमी, तो निवडायचा. सिस्कोचा राउटर डिफॉल्टनुसार १०० एमबीपीएसला लिंकच्या वेगाने भागून कॉस्ट काढतो आणि १ च्या खाली उतरत नाही. त्यामुळे १ जीबीपीएसची कॉस्ट १ आणि १० जीबीपीएसचीही १. त्याच्या लेखी दोन्ही रस्ते सारखे, मग ट्रॅफिक दोन्हीकडे वाटलं जाणार. यावर आधीच्या माणसाने जागोजागी हाताने आकडे टाकले होते. कुठे १०, कुठे २०, एका ठिकाणी ७. हा ७ कुठून आला, हे ऑफिसात कुणालाच सांगता येईना. मी सगळे आकडे उडवले आणि टेम्प्लेटमध्ये रेफरन्स बँडविड्थ, म्हणजे त्या १०० एमबीपीएसच्या जागचा आकडा, १००००० टाकली. आता १० जीबीपीएसची कॉस्ट १० आणि १ जीबीपीएसची १००. ही ओळ मात्र सगळ्या राउटरवर सारखीच हवी. स्क्रिप्ट असल्यामुळे ती चिंता नव्हती.

नवं कॉन्फिगरेशन राउटरवर चढवण्याआधी बॅटफिशवर तपासलं. हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर नुसत्या कॉन्फिगरेशन फायली वाचून रूट काय तयार होतील ते सांगतं, खऱ्या राउटरला हातही लावावा लागत नाही. प्रत्येक शाखेतून ईआरपीचा सर्व्हर, मेल, डीएनएस गाठता येतो का, एवढं विचारलं. सगळं हिरवं. शनिवारी रात्री चढवलं आणि निवांत झोपलो.

सोमवारी पावणेनऊला चाकणच्या गोदामातून सिक्युरिटीवाल्या काकांचा फोन. "साहेब, थंब लागत नाहीये, गेटवर लाइन लागलीय." हजेरीचं थंब मशीन एका वेगळ्या छोट्या फायरवॉलच्या मागे. तो ओएसपीएफ बोलत नाही, म्हणून कुणीतरी कधीकाळी एक स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेला पक्का रस्ता, टाकून ठेवला होता. ना डिस्क्रिप्शन, ना कागदावर नोंद. माझ्या फाइलमध्ये तो नव्हता, आणि फाइलमध्ये नसेल ते स्क्रिप्ट पुसते. तसं मीच तिला शिकवलं होतं. बॅटफिशचाही दोष नाही, थंब मशीनबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

रूट परत टाकायला दोन मिनिटं लागली. पण त्या दिवशी दोनशे माणसांची हजेरी एचआरच्या मॅडमनी वहीवर घेतली आणि ती वही त्यांनी मुद्दाम माझ्या टेबलावर आणून ठेवली.

आता फाइलमध्ये प्रत्येक स्टॅटिक रूटपुढे 'कारण' भरणं सक्तीचं आहे. रिकामं असेल तर स्क्रिप्ट पुढे जातच नाही. काल आमच्या नव्या पोराने एक रूट घातला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "सर बोलले म्हणून."