अंजनेरीच्या पायथ्याशी येझदी आणि बुलेट

आज पहाटे आम्ही नाशिकच्या त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या डोंगरापर्यंत गेलो आणि पायथ्याच्या चहाच्या टपरीवर, कोणती मोटारसायकल भारी, बुलेट की येझदी, हा आमचा जुना वाद पुन्हा रंगला. बुलेटवाल्या मित्राच्या मते ३५० सीसीच्या एकाच सिलिंडरचे संथ ठोके हेच खरे संगीत. मी मात्र वडिलांच्या येझदीची बाजू सोडली नाही. म्हैसूरच्या कारखान्यात घडलेल्या या २५० सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीत किक आणि गिअर यांसाठी एकच दांडा आहे, आणि किक मारल्यावर तोच दांडा पुढे वळवून पहिला गिअर टाकताना, लहानपणी टाकीवर बसून पाहिलेला वडिलांचा पाय मला आजही आठवतो. कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. म्हणूनच तिचा प्रत्येक मूळ भाग मी जपतो. परतताना मित्राने येझदी मागून घेतली आणि सातपूर येईपर्यंत परत दिली नाही.