पट्टीचा रकाना

आयटीआयमध्ये मी एम्प्लॉयबिलिटी स्किल्स शिकवते. फिटर असो, इलेक्ट्रिशियन असो की कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड), हा विषय सगळ्यांना सक्तीचा. एक वर्षाच्या ट्रेडला १२० तास. संवाद, वेळेचं नियोजन, संघकार्य अशी धड्यांची नावं. मुलं ती पेपरात व्यवस्थित लिहितात. मुलाखतीत कुणी "एखादा प्रसंग सांग" म्हटलं की मात्र गप्प बसतात, कारण तसा प्रसंग त्यांच्यावर कधी आलेलाच नसतो. म्हणून आसपास कुठे कार्यक्रम असला की मी आयोजकांना विचारून मुलांना कामाला घेऊन जाते.

गोव्यातल्या फोंड्यात शाळकरी मुलांची नाट्यगीत स्पर्धा होती. या तालुक्यात नाट्यगीताला फार मान. मास्टर दीनानाथांचा जन्म इथल्याच मंगेशीचा, १९०० सालचा. त्यामुळे स्पर्धक ४२ आणि त्यांच्यासोबत आई-बाबा, आजी-आजोबा. प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे कागदावर साडेतीन तास. दहाला सुरुवात, दीडला जेवण.

अकरा वाजले तेव्हा जेमतेम सात जण गाऊन झाले होते.

सत्तरी तालुक्यातला एक मुलगा, इलेक्ट्रिशियन ट्रेडचा, विंगेत उभा होता. पुढच्या स्पर्धकाला वेळेवर आणून उभं करणं हे त्याचं काम. वर्गात हा कधी तोंड उघडत नाही. तो कागदाचा चिटोरा घेऊन माझ्याकडे आला. गाणं किती वाजता सुरू झालं, किती वाजता संपलं, सगळं त्यात टिपलेलं. "मॅडम, गाण्याला वेळ लागत नाही. दोन गाण्यांच्या मध्येच जातो. तबलावाले काका दर वेळी हातोडी काढतात."

मी म्हटलं, "मग त्यांनाच विचार. पण वाजवत असताना नको."

त्याने मोका साधून विचारलं. काका चिडले नाहीत. "ही पोर काळी चारची, पुढचा पोरगा पांढरी एकचा, नंतर परत काळी चार. तबला सुरात लावायला नको?" पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा मूळ सूर, तो पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकाने सांगतात. मुलाला गाण्यातलं काही कळत नाही, पण वर्कशॉपमधलं कळतं. एका मापाचे जॉब आधी काढून घ्यायचे, मग सेटिंग बदलायचं. तो म्हणाला, "काका, एका पट्टीचे सगळे लागोपाठ आणले तर?" काका त्याच्याकडे बघतच राहिले.

सुचणं सोपं असतं, ते पार पाडणं अवघड. मला त्या दिवसाचं मोल वाटतं ते इथून पुढच्या कामासाठी. प्रवेशअर्जावर पट्टीचा रकानाच नव्हता. कोपाची एक मुलगी वही घेऊन उरलेल्या पस्तीस जणांकडे फिरली. काहींना स्वतःची पट्टी माहीत नव्हती, त्यांच्या गुरुजींना शोधून विचारलं. तिने लॅपटॉपवर नवी यादी लावली: पट्टीप्रमाणे गट, आणि गटात चिठ्ठ्यांनी ठरलेला मूळ क्रम. परीक्षक कबूल झाले, पण एका अटीवर: क्रम बदलल्याचं प्रत्येकाला समोर जाऊन सांगायचं आणि कुणाची अडचण असेल तर ती ऐकायची.

पेडण्याहून आलेल्या एक बाई भडकल्या. त्यांच्या मुलीचा नंबर बारावरून थेट तिसावर गेला होता. "पणजीला बस बदलायची असते आम्हाला! तुम्हाला काय त्याचं?" कोपाच्या पोरीचा चेहरा उतरला. मी दोन पावलांवर उभी होते, मुद्दाम मध्ये पडले नाही. ती थोडं थांबली, मग म्हणाली, "काकी, तुमची बस किती वाजता? मी विचारून पाच मिनिटांत येते." आणि ती खरंच आली. त्याच पट्टीतल्या, फोंड्यातच राहणाऱ्या एका मुलाच्या वडिलांना तिने विनंती केली होती आणि त्यांनी आनंदाने नंबर बदलून दिला. परीक्षकांना सांगून यादीत तशी दुरुस्तीही करून घेतली. "बघते" म्हणून माणूस गायब होतो, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. परत येऊन उत्तर देणारी माणसं कामावर सगळ्यांना हवी असतात.

या सगळ्यात जेवणाचा विषय कुणाच्याच डोक्यात नव्हता. फिटरच्या एका मुलाने साडेअकरालाच आचाऱ्याला जाऊन सांगितलं की पंगत तासभर उशिरा बसेल. त्यांनी भात उशिरा चढवला. अडीचला शेवटचं गाणं झालं आणि खतखतं, भात गरमागरम ताटात आलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येकाला बायोडेटासाठी एक ओळ लिहायला सांगितली. सत्तरीच्या मुलाने लिहिलं, "स्टेजवर मदत केली." मी वही परत दिली. दुसऱ्यांदा त्याने लिहिलं, "कार्यक्रम उशिरा का चालला आहे ते वेळ मोजून शोधलं आणि क्रम बदलायचा उपाय सुचवला." ही ओळ खरी आहे आणि तिच्यावर कुणीही प्रश्न विचारले तरी त्याच्याकडे उत्तरं आहेत. अप्रेंटिसशिपच्या मुलाखती जवळ आल्या आहेत. सध्या रोज वर्ग सुटल्यावर तो हाच प्रसंग मला हिंदीतून, मग इंग्रजीतून सांगतो. इंग्रजीत अजून अडखळतो, पण सांगायचं थांबत नाही.